कोरडं अंग

वहिनी नागपूरची. लग्न होऊन रत्नागिरीत आली तेव्हा थोडं ऊन असलं तरी डोक्यातोंडाला ओढणी गुंडाळायची आणि पर्समध्ये चक्क कांदा ठेवायची. आम्ही तिला इतकं छळलं! बाबा तर म्हणायचे, "अगो, इथे ऊन लागत नाही कुणाला, इथे नुसता घाम येतो. सकाळी कितीही तापू दे, जेवायच्या आत समुद्रावरून वारा येणार म्हणजे येणारच."

"आमच्याकडचं ऊन सांगून येते बाबा, म्हणून माणूस सांभाळून राहते," ती म्हणायची. आम्ही पुन्हा हसायचो.

त्या फेब्रुवारीत मी माहेरी आले होते. पहाटे शाल घ्यावीशी वाटली आणि दहा वाजेपर्यंत अंगण पायाला चटके द्यायला लागलं. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे थंडीच धरतात. पण त्या दिवशी वारा उलटा सुटला होता, घाटाकडून, कोरडा. बाबा नेहमीसारखे कातळावरच्या कलमांत गेले, कैऱ्या गळतायत का बघायला. डोक्यावर साधी टोपीसुद्धा नाही. दुपारी घरी आले ते पडवीत बसून राहिले. "वारा येऊ दे जरा, मग जेवतो," म्हणाले.

वारा आलाच नाही.

जरा वेळाने मला विचारायला लागले, "गुरं पाण्यावर नेलीस काय गो?" गुरं विकून जमाना झाला होता. मी घाबरले. आई म्हणाली, दमलेत फार, दुसरं काही नाही. पदराने त्यांची पाठ पुसायला गेली आणि चक्क खूश झाली. "घाम सुकला बघ! आता बरं वाटेल." मलाही हायसं वाटलं. जन्मभर घामाने चिकचिकणारी माणसं आम्ही. अंग कोरडं लागलं म्हणजे सुख, एवढंच आम्हाला ठाऊक. आईने त्यांना आडवं केलं आणि वर चादर घातली.

वहिनी शाळेत शिकवते. ती घरी आली, बाबांच्या कपाळाला हात लावला आणि किंचाळलीच. इथे येऊन हरवलेली तिची बोली एकदम परत आली. "अंग भाजून राहिलं नं बाबांचं! घाम काहून नाही यांना?" तिने चादर फेकली, पाण्याची कळशी उचलली आणि बाबांवर ओतली.

"अगो, गारठतील ना ते!" आई तिच्या अंगावर ओरडली. वहिनी रडत होती आणि ओतत होती. भावाने गाडी काढली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, घाम थांबला तेव्हाच आणायला हवं होतं, फार उशीर केलात. उजाडायच्या आत बाबा गेले.

महिना संपल्यावर पेपरात छापून आलं, यंदाचा फेब्रुवारी सरासरीइतकाच गेला. बाकीच्या गार दिवसांनी त्या एका दिवसाची भरपाई केली होती. मी तो पेपर टराटरा फाडला. मेल्यांनो, सरासरी कसली सांगता? माझा बाप एका दुपारीत मेला.

आता दुपारचं कुणीही बाहेरून आलं की आई आधी त्याच्या मानेवर हात ठेवते. काल वहिनी शाळेतून आली तेव्हाही ठेवला. हात ओला झाला. आईने तो पुसला नाही, तसाच तिच्या मानेवर राहू दिला.

"ओली आहेस," म्हणाली, आणि मग पाणी आणायला आत गेली.