बोलिव्हियाच्या आभाळात वाजलेला तारपा

मंडळी, या धाग्यावर मी गेली कित्येक वर्षं फक्त वाचायला येतो... आणि खरं सांगायचं तर हसायला. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या मागे घाटात पावलं वाजतात, आणि मी खाली "झोप पुरी घ्या" असं लिहून निघून जातो. माझं मोखाड्यात स्टँडसमोर मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. बंद पडलेल्या फोनला भूत लागलेलं मी अजून पाहिलेलं नाही — आत पाणी गेलेलं असतं, नाहीतर कुठेतरी टाका सुटलेला असतो. उघडून बघितलं की कारण सापडतं. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही मलाच झोपेचा सल्ला दिलात तर मी रागावणार नाही.

आता माझा एक नाद सांगायला हवा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी विमान अपघातांच्या चौकशीचे व्हिडिओ बघतो. त्यातही दक्षिण अमेरिकेतला बोलिव्हिया हा माझा खास विषय. का, ते विचारू नका. तो देश अर्धा डोंगरावर आणि अर्धा जंगलात. वरच्या विमानतळावर हवा एवढी पातळ की इंजिनाला पुरेसा दम मिळत नाही, विमान नुसतं धावत राहतं, लवकर उठायला मागत नाही. पुढे बर्फाचे डोंगर, दऱ्यांत अचानक भरणारं धुकं, खाली जंगलात मातीच्या आखूड धावपट्ट्या. वर माणसांची भर — जास्त ओझं, कमी इंधन, आणि "आजवर काही झालं नाही, आज काय होतंय" ही वृत्ती. दुकानात चहाला टेकणारे लोक मला "विमानपाडू" म्हणतात.

आमचा बा पोशेऱ्याला राहतो. भात आणि नागलीची शेती करतो, आणि तारपा वाजवतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी — वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या दोन नळ्या, आणि पुढे ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. वाजवणारा मधे, आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती साखळी करून फिरतात. जव्हारला एका कार्यक्रमात बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी बाच्या तारप्यावरचा नाच पाहिला. काही महिन्यांनी आमंत्रण आलं — परदेशात लोककलांचा मेळावा, सगळा खर्च त्यांचा. बाला वाचता येत नाही म्हणून मी वाचून दाखवत होतो. देशाचं नाव आलं आणि मी ते गाळून पुढे वाचायला लागलो.

"कनचा देश?" बाने विचारलं.

"बोलिव्हिया."

जानकी मावशी, म्हणजे आमच्या नाचात साखळीच्या पुढे असणारी, पदर तोंडावर धरून हसत सुटली. "अरे विमानपाडू, तुझ्या सासरीच बोलावलाय की!"

मी नको म्हणून बघितलं. पण इंग्रजी थोडंफार मलाच येतं, पासपोर्टची धावपळ मीच केली, त्यामुळे मॅनेजर म्हणून जाणं मलाच भाग होतं. निघताना आईने भोपळ्याचं तोंड फडक्याने बुजवलं, वरून मेण लावलं, आणि मला एवढंच म्हणाली, "जेवढी माणसं नेतोस तेवढी परत आण." तिला माझे व्हिडिओ माहीत होते. तिथून पुढे माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

मोठ्या विमानांचा प्रवास सुखाचा झाला. बाने प्रत्येक विमानात मिळालेलं जेवण शेवटच्या शितापर्यंत संपवलं. खरी परीक्षा पुढे होती. मेळावा होता डोंगरापलीकडे, जंगलाच्या बाजूच्या एका गावात, आणि तिथे जायला दोन पंख्यांचं लहान विमान. जेमतेम एका वडापच्या जीपच्या दोन फेऱ्यांची माणसं मावतील एवढं. पायलटच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा, तोही बाजूला सारलेला.

आणि पायलट बाई होती! केसांची घट्ट वेणी, हसरा चेहरा. जानकी मावशी तर हरखूनच गेली. "बाई चालवते? मंग काय भ्या नाय," असं म्हणून तिने पट्टा बांधला. मी मात्र माझा पट्टा दोनदा ओढून पाहिला.

आता हे नीट लक्षात घ्या. तारपा जोडलेला नव्हता. कर्णा मोडू नये म्हणून बाने सगळं सुटं केलं होतं. कर्णा आणि नळ्या खाली सामानात. बाच्या मांडीवर फक्त भोपळा, तोही आईने बुजवलेला. नळ्यांशिवाय भोपळा म्हणजे नुसतं भांडं. त्यातून सूर निघूच शकत नाही.

विमान धावलं... धावलं... मी डोळे मिटून धावपट्टी संपायची वाट बघत होतो, आणि ते उठलं. दुपारचं लख्ख ऊन, समोर बर्फाचे सुळके. बाजूच्या सीटवर आमच्या मेळाव्याची स्वयंसेविका मारिया होती, तिने मला गोळी दिली चघळायला. मला जरा बरं वाटायला लागलं.

तेवढ्यात सूर लागला.

खोल, घोगरा, एकसारखा. बा वाजवायला बसला की आधी नुसता दम भरून जो सूर धरतो, अगदी तोच. इंजिनांच्या घरघरीवरून स्पष्ट ऐकू येत होता. मी बाकडे बघितलं. त्याने दोन्ही हात वर केले, पोलिसाने पकडल्यासारखे, आणि तोंड भरून हसला. "मी नाय, मी नाय!" मांडीवर भोपळा, आणि भोपळ्यातून सूर. मी हात लावून पाहिला. मंडळी, तो थरथरत होता.

पुढच्या सीटवरच्या तिकडच्या गोल टोपीवाल्या बायका वळून बघायला लागल्या. पायलटबाईने कान टवकारले, एका इंजिनाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. समोरच्या काट्यांवर बोट फिरवलं. मला कळलं — तिला वाटतंय विमान बिघडलंय! मी मारियाला ओरडून सांगितलं, "ते इंजिन नाही! आमचं वाद्य आहे!" संध्याकाळी उद्घाटनाचा नाच आमचा होता, आणि एका भोपळ्यापायी विमान मागे फिरलं असतं तर मी कुठे तोंड दाखवणार होतो?

मारियाने पुढे जाऊन सांगितलं. पायलटबाईने मागे वळून बघितलं. भोपळा बघितला, बाचे वर केलेले हात बघितले. आणि जे बोलली ते मारियाने मला इंग्रजीत सांगितलं. "भोपळा असो नाहीतर इंजिन. ओळखीचा नसलेला आवाज घेऊन मी डोंगर ओलांडत नाही."

त्याच क्षणी सूर बदलला. आखूड आखूड तुकडे, मधेच एक उंच हेल. आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखेल तो. नाचताना तारपा असा वाजला की साखळीने उलटं फिरायचं. जानकी मावशीचे पाय सीटखाली आपोआप हलले. आणि विमानाने पंख कलता केला, ते वळलं.

बाने मांडीवर थाप मारली. "बघ! पोरीला नाच येतो!"

विमान पूर्ण वळलं आणि सूर थांबला. भोपळा गप्प. मी देवाचं नाव घेत होतो की शिव्या देत होतो ते आठवत नाही.

निघालो होतो तिथेच परत उतरल्यावर मेकॅनिक आला. तो शिडी लावून इंजिनाचं झाकण उघडत असताना आम्ही सगळे खाली उभे, आणि मी शरमेने अर्धा झालेलो. डावं इंजिन ठीक. उजव्याचं झाकण उघडलं... आणि आतून काळं तेल ओघळलं. तेलाची नळी तडकली होती. काट्यांवर अजून काहीच दिसत नव्हतं, पायलटबाईने स्वतः सांगितलं. थोड्या वेळाने तेल संपलं असतं, इंजिन बंद करावं लागलं असतं. आणि एवढ्या उंचीवर, त्या पातळ हवेत, ते लहान विमान एका इंजिनावर डोंगराच्या वर राहू शकत नाही. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. अशाच अपघातांचे व्हिडिओ मी मोखाड्यात बसून, चहा पीत पीत पाहिले होते.

मी तिथेच खाली बसलो. आमच्या लोकांना मराठीत सगळं समजावून सांगितलं. मग जानकी मावशीने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढे कलंडलो. "मंग रडतो काय? जिवंत हाव की आपुन!"

बस, तिथून जे सुरू झालं... मारियाने बाकीच्या प्रवाशांना सांगितलं. एक गोल टोपीवाली आजी आली आणि तिने बाच्या दोन्ही गालांचे पटापट मुके घेतले. बा नखशिखान्त लाजला. मला हळूच म्हणाला, "तुझ्या आयला नको सांगू." (आईला हे मी पहिल्याच फोनमध्ये सांगितलं. ती दोन मिनिटं हसत होती.)

दुसरं विमान यायला वेळ होता. बाने प्रतीक्षागृहात फतकल मारून तारपा जोडला, मेण तळहातावर मऊ करून नळ्या बसवल्या, आणि उभा राहिला. त्या हवेत मला दोन पावलं चाललं तरी धाप लागत होती, पण बाचा दम तुटला नाही. जानकी मावशीने पायलटबाईला ओढून कमरेला धरलं, तिच्यामागे टोपीवाली आजी, तिच्यामागे मारिया, सामान तपासणारा पोलीस, कुणाची कुणाला ओळख नाही अशी सगळी साखळी खुर्च्यांमधून फिरायला लागली. मी आयुष्यात कधी नाचलो नव्हतो. लाज वाटायची. त्या दिवशी तेल लागलेल्या हातांच्या मेकॅनिकच्या कमरेला धरून मी एवढा नाचलो की माझ्या मागच्या माणसाने शर्ट धरून ठेवला म्हणून पडलो नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. बायको हे वाचते, तरी लिहितो.

दुसऱ्या विमानात चढताना पायलटबाईने मारिया आणि माझ्याकरवी बाला विचारलं, "पुन्हा वाजला तर?"

"तर पुन्हा फिर," बा म्हणाला.

नाही वाजला. डोंगर ओलांडेपर्यंत विमानातलं प्रत्येक माणूस बाच्या मांडीवरच्या, पुन्हा सुट्या केलेल्या भोपळ्याकडे बघत होतं, पायलटबाईसुद्धा मधून मधून. चूं नाही की चां नाही. उद्घाटनाला आम्ही उशिरा पोचलो, पण पोचलो. आणि जेवढी माणसं नेली तेवढी पोशेऱ्याला परत आणली, वर बाने तिकडच्या मक्याचं बी खिशात लपवून आणायचा घाट घातला होता तो मी वेळीच हाणून पाडला.

आता तुमच्या मनात येतील त्या सगळ्या शंका मी आधीच तपासल्या आहेत. दाराच्या फटीतून हवा येऊन भोपळ्याच्या तोंडावरून गेली असेल? तोंड बुजवलेलं होतं, मेण शाबूत होतं. इंजिनाची थरथर? मग दुसरं विमान त्याच बनावटीचं होतं, त्यात का नाही? दुकानातला ब्लोअर मी त्या भोपळ्यावर सगळीकडून मारून पाहिला, ढिम्म. आणि समजा एखादा सूर कसातरी निघाला — पण फिरायचाच सूर? विमान का बिघडलं याचं कारण मिळालं. सूर का वाजला याचं नाही.

परवा मी भोपळ्याला बारीक भोक पाडून आत कॅमेऱ्याची वायर सोडायची गोष्ट काढली. बाने भोपळा माझ्या हातातून काढून घेतला. आई नागलीची भाकरी थापत होती, ती थांबून बघायला लागली.

"इमान फिरलं," बा म्हणाला. "आपुन घरी आलो. तुझी आय हसतेय. आता अजून काय रिपेर करायचं हाय तुला?"

मी कॅमेऱ्याची वायर गुंडाळून ठेवली, मंडळी. तुमच्याकडे बाच्या प्रश्नाचं उत्तर असेल तर खाली जरूर लिहा. भोपळा मात्र उघडून मिळणार नाही.