धक्के कामाला लावणारे सर

मेडशीच्या बसमध्ये हे सर मुद्दाम मागच्या बाकावर बसतात, कारण तिथे जास्त आदळतं. मी नर्स, मांडीवर लसींचा डबा, आणि मला नेमकी त्यांच्याच शेजारी जागा मिळते. सर कॉलेजात विज्ञान शिकवतात. ते सांगतात, आपल्या स्नायूंतले रेणूंचे अतिसूक्ष्म हात उष्णतेने सतत थरथरतात, तरी काम चोख करतात. तसंच डोळ्याला न दिसणारं यंत्र त्यांना करायचंय. त्याचा मोठा नमुना म्हणजे त्यांची सागाची पेटी. बस हादरली की आतला मणी दातेरी पट्टीवर फक्त पुढे सरकतो. प्रत्येक खड्ड्याला ती पेटी माझ्या नाकाशी येते.

"सिस्टर, धक्के थांबवता येतात काय? नाई. मंग कामाले लावाचे. मिळालं तेवढं धरून ठेवाचं."

"सर, आधी ती पेटी धरून ठेवा."

परवा पुलाच्या चढावर बस बंद पडली. डब्यातला बर्फ वितळत होता, गावात लेकरं लसीसाठी ताटकळली होती. ढकलणारे पंधरा जण, पण प्रत्येकाचा जोर वेगळ्या वेळी. बस वीतभर पुढे जाई, तेवढीच मागे येई. आसपास दगड नव्हता. सरांनी पेटी चाकामागे घातली आणि दर धक्क्याला थोडी पुढे सरकवली.

"काहून घालून राह्यले सर? चुरा होईन तिचा!" कंडक्टर ओरडला.

झालाच. पण बस चढ चढली, उतारावर सुरू झाली, लसी वाचल्या. दोन वर्षांच्या कामाची फळकुटं गोळा करत सर म्हणाले, "पाहा, चाललं ना सिस्टर!"

आज ते दुप्पट मोठी, अजून रिकामीच पेटी घेऊन चढले. मी डबा उचलला आणि पेटीला जागा देत सरकून बसले.