सीटखालचा रंग

"मिस्त्री, फिरून बंद!"

नामदेवचा फोन आला तेव्हा मी पेण स्टेशनच्या जिन्यावर होतो. राहतो रोह्याला, गॅरेज पेणला. रोज सकाळी मेमूने यायचं, संध्याकाळी परत जायचं. तीस वर्षं हेच चाललंय. त्या दिवशी कंबर इतकी धरली होती की जिना एकेक पायरी मोजून उतरत होतो. वरून हा फोन.

"सेल्फ मारून बघितलास?"

"मारला. नुसता टक् करतो."

"लाइट?"

"लाइट झकास हायेत."

मी तिथेच कठड्याला टेकलो. एका आठवड्यात तिसऱ्यांदा तीच गाडी, तेच टक्. गाडी सुरू होत नाही ही तक्रार मी हजार वेळा ऐकली असेल. पण आपण दुरुस्त केलेली गाडी परत येणं वाईट. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नाही, हे तर त्याहून वाईट.

नामदेव पेणजवळच्या जोहे गावचा. एका कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचा. आखणी म्हणजे डोळे रेखाटणं. मूर्तीवरचं ते शेवटचं काम, आणि ते कुणाच्याही हाती देत नाहीत. एक बारीक रेघ चुकली तर देव चकणा दिसतो. नामदेवने हे काम पंचवीस वर्षं केलं. मग त्याचा उजवा हात थरथर कापायला लागला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मालक भला माणूस. त्याने डोळ्यांवरून काढून दागिन्यांवर बसवलं, दागिन्यांवरून पितांबरावर. शेवटी नामदेवच म्हणाला, "शेठ, माजी दया नको." आणि घरी बसला.

मग त्याने जुनी व्हॅन घेतली. ठरलं असं, की नागोठण्याच्या नाक्यावरून सात बायकांना रोह्याच्या एका कंपनीत दुसऱ्या शिफ्टला सोडायचं आणि आधीच्या शिफ्टच्या परत आणायच्या. गिअर टाकायला डावा हात लागतो, आणि तो खणखणीत होता. उजवा स्टिअरिंगवर ठेवला की गप्प राहायचा. डॉक्टरांनी चालवायला हरकत घेतली नव्हती. ठेकेदाराने आठवडाभर चालवून बघायचं कबूल केलं होतं. त्या आठवड्यात गाडी दोनदा बसली.

सोमवारी सकाळी पहिल्यांदा. मी फोनवरच निकाल दिला, "बॅटरी गेली." शेजारच्या टेम्पोवरून जम्पर केबल लावायला सांगितली, गाडी लगेच सुरू झाली. म्हणजे बॅटरीच, नाही का? संध्याकाळी मी नवीन बॅटरी बसवून दिली. बुधवारी नाक्यावर बायका आत बसल्या आणि गाडी पुन्हा टक्. बायकांनी खाली उतरून धक्का मारला. मी त्या रात्री सेल्फ उतरवला. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर. त्याचे कार्बन बदलले, साफ केला, चढवला. गाडी फुरफुरली. मी छाती फुगवून घरी गेलो.

आणि आज शुक्रवार.

स्टेशनबाहेर लावलेली स्कूटर काढली आणि जोहे गाठलं. नामदेवच्या अंगणात व्हॅन उभी होती. पांढरीशुभ्र. खरं सांगतो, नवी गाडीही शोरूममधून इतकी स्वच्छ येत नाही. रंग त्याने स्वतः दिला होता. मी आधी दोनदा बघितली होती, पण बघून न बघितल्यासारखी.

त्याची बायको सुनंदा दारात उभी होती. मला बघून म्हणाली, "आलाव? बसा आदी, च्या घ्या. गाडी काय पलत नाय."

"तेच तर दुखणं आहे वहिनी."

नामदेव हसला नाही. त्याचा फोन वाजत होता. ठेकेदार. त्याने स्पीकरवर टाकला, बहुतेक मला ऐकू यावं म्हणून.

"नामदेव, सरळ सांग. आज येतोस का नाय?"

"येतो शेठ. मिस्त्री हायेत इथं."

"मिस्त्री सोमवारी पन होते. हे बघ, मला तुझ्यावर राग नाय. लेट झालं तर हजेरी त्या बायकांची कापतात, माझी नाय. पावणेदोनला नाक्यावर गाडी पायजे. नसली तर दुसऱ्याची व्हॅन उभीच हाय. मग तू परत फोन करू नको."

फोन बंद झाला. पावणेअकरा वाजले होते. जोह्यापासून नागोठण्याला तासभर धरा, वडखळला ट्रॅफिक असेल तर जास्त. म्हणजे मला दीड तास.

"ही गेली तर मंग काय करू, मिस्त्री?" नामदेव म्हणाला. आवाज अगदी साधा. "कारखान्यात परत जाऊन बसू? पोरं आखणी करतात नि मी बगत बसू?"

मी सीट उचलली.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. वाकायला जागा नाही, माझ्या कमरेला तर मुळीच नाही. पहिल्यांदा बॅटरीला मीटर लावला. बॅटरी ठणठणीत. असणारच, चार दिवसांपूर्वी मीच बसवली होती. टर्मिनल घट्ट. सेल्फची वायर घट्ट. फ्यूज बघितले. रिले बदलून बघितला. रिले म्हणजे छोटासा स्विच, चावी फिरवली की तो मोठ्या करंटला वाट देतो. काही फरक नाही. टक्.

साडेअकरा. घामाने चष्मा घसरत होता. सुनंदाने दुसरा चहा आणला आणि तिथेच उभी राहिली.

"नजर लागली असल गो बाय," शेजारीण कुंपणावरून म्हणाली.

"नजर लागाया गाडी तरी चालाया नको का?" सुनंदा म्हणाली. त्या दिवशी मी तेवढा एकदाच हसलो.

"नामदेव, परत मार. धरून ठेव जरा."

टक्. टक्. टक्. मी आधारासाठी हात आत घातला होता. बोट ॲक्सिलरेटरच्या केबलला लागलं आणि चटका बसला. शिवी हासडली, वहिनी उभ्या आहेत हेही विसरलो.

बोट तोंडात घातलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. इंजिन थंडगार. सकाळपासून सुरूच झालेलं नाही. मग केबल गरम कशी?

हे समजून घ्यायला इलेक्ट्रिशियन असायला नको. मी सकाळी रोह्याहून पेणला येतो, संध्याकाळी परत जातो. करंटचंही तसंच. बॅटरीच्या प्लसमधून निघतो, सेल्फमध्ये काम करतो आणि मायनसला घरी परत येतो. परतीला त्याला वायर नसते. इंजिनाच्या लोखंडातून एका जाड पट्टीने बॉडीत जातो आणि बॉडीतून बॅटरीला. त्या पट्टीला आम्ही अर्थिंग म्हणतो. ही परतीची वाट बंद असली तर करंट मिळेल त्या गल्लीबोळातून घुसतो. त्याला ॲक्सिलरेटरची बारीक केबल सापडली होती. एवढा करंट तिला झेपणार थोडाच? ती तापली.

मी जम्पर केबल काढली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाला लावलं.

"मार."

अर्ध्या सेकंदात गाडी सुरू.

नामदेव खाली उतरून नाचायच्या बेतात होता. मला मात्र बसावंसं वाटलं. सोमवारी टेम्पोवरून जम्पर लावली तेव्हाही मायनसचा चिमटा मी इंजिनालाच लावायला सांगितला होता. गाडी सुरू झाली होती ती बॅटरीने नव्हे, त्या चिमट्याने. उत्तर हातात होतं आणि मी चार दिवस दुसरीकडे हुडकत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

गाडी बंद केली. पट्टी शोधली. इंजिनाकडचं टोक ठीक. बॉडीकडचं टोक एका बोल्टने आवळलेलं, पाना लावला तर तसूभर हलला नाही. बाहेरून बघाल तर निर्दोष. बोल्ट खोलला, पट्टी बाजूला केली आणि टॉर्च मारली.

पट्टीखाली लोखंड नव्हतंच. रंग होता. आरशासारखा पांढरा, गुळगुळीत, वरून वार्निश.

"नामदेव, इथे रंग दिलास?"

"व्हय."

"बोल्ट काढून?"

"मंग? बोल्ट ठेवून दिला तं कडा ऱ्हातात ना कच्च्या. सगले बोल्ट खोलले. आदी प्राइमर, मंग पांढऱ्याचे दोन हात, वरून वार्निश. पट्टीला पन दिला."

"अरे पण सीटखाली! कोण बघतंय इथे?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो.

"गनपतीची पाठ कोन बगतो, मिस्त्री? मखरात बसला की भिंतीकडंच ना? म्हनून आमी कोरी ठेवतो काय?"

रंगातून करंट जात नाही, हे त्याला सांगायला तोंड उघडत नव्हतं. शेवटी सांगितलं. बोल्टच्या आट्यांना कुठेतरी लोखंड लागायचं, तेवढ्यावर गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. बॅटरी बदलताना, सेल्फ चढवताना माझ्या हाताने पट्टी हलायची, एखादा ओरखडा पडायचा, गाडी चालू. मी समजायचो माझी करामत.

तो ऐकत होता. चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हंजे मीच बंद पारली."

"तू नाही. मी. पहिल्याच दिवशी नीट बघायला हवं होतं. फोनवर बॅटरी सांगून मोकळा झालो."

मला खरंच लाज वाटत होती. त्याने काम अतिशय मन लावून केलं होतं आणि मी अर्ध्या मनाने. गाडी बंद पडली ती त्याच्यामुळे, पण आठवडा वाया गेला तो माझ्यामुळे.

बारा वाजून गेले होते. मी पॉलिश पेपर काढला आणि रंग घासायला वाकलो. कमरेतून अशी कळ आली की तसाच अडकलो. ना खाली, ना वर. सुनंदाने दंडाला धरून मला पायरीवर आणून बसवलं.

"मना द्या," नामदेव म्हणाला.

"हात?"

"घासाया हात हललेला बराच की."

तो सीटखाली शिरला. मी पायरीवरून बघत होतो. स्वतःच्या हाताने दिलेले चार थर तो उतरवत होता. कापरा हात आणि पॉलिश पेपर, खरखर खरखर. एकदा थांबला, बोटाने चाचपून बघितलं. मला वाटलं, आता डोळे पुसेल. पण तो म्हणाला, "वार्निश बाकी मस्त धरलंय हां." आणि परत घासायला लागला. रुपयाएवढं लोखंड उघडं झालं. पट्टीचं टोकही घासलं. मी बसल्या बसल्या सांगितलं तशी पट्टी लावली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं, गंज धरू नये म्हणून.

चावी फिरवली. एका हिसक्यात सुरू. बंद केली, परत सुरू. पाच वेळा. सुनंदा मोजत होती.

साडेबाराला पाच कमी असताना तो निघाला. मी स्कूटरवर बसू शकत नव्हतो, म्हणून त्याच गाडीतून पेणपर्यंत गेलो, गॅरेजशी उतरलो. पावणेदोनला मी घड्याळ बघितलं. दोनला बघितलं. हातातल्या कामात लक्ष नव्हतं. सव्वातीनला फोन आला.

"पोचवल्या बायका. वडखळला अडकलो, नाक्यावर दहा मिनटं उशीर झाला. शेठ काय बोलला नाय. गाडीभोवती एक चक्कर मारली नि म्हनला, सोमवारपासून कायमचा ये."

"बरं झालं," मी म्हणालो आणि फोन ठेवून कमरेला पट्टा बांधला. दुसऱ्या दिवशी त्याची जुनी बॅटरी, जी मुळात चांगलीच होती, परत बसवून दिली आणि नवीन काढून घेतली.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. गाडी सुरू होत नाही म्हणून कुणी आलं की पूर्वी विचारायचो, काय बिघडलं? आता आधी विचारतो, एवढ्यात काय चांगलं करून घेतलंत? सीट कव्हर, म्युझिक, धुलाई, रंग. लोक चमकून बघतात. पण निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं. हौसेने केलेल्या कामावर कुणी संशय घेत नाही, करणारा तर नाहीच नाही.

चार महिन्यांनी नामदेव ऑइल बदलायला आला. सवयीने मी सीट उचलून अर्थिंग बघितलं. बोल्ट घट्ट, ग्रीस जागेवर. त्या उघड्या लोखंडाभोवती लाल रंगाची एक बारीक गोल रेघ काढलेली होती. इथून आत रंग नको, अशी खूण. डोळा आखतात तशी ती एका दमात ओढली होती. डाव्या बाजूला जरा थरथरली होती.

नामदेव माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"हललीय थोडी," तो म्हणाला.

मी टॉर्च बंद केली आणि सीट खाली टाकली.

"मला नाही दिसली," मी म्हणालो.