कारणसाहेबांची जाळी

सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर माझा भाऊ दत्तू प्रेसवर बसला. प्रेसची जाळी काढून भिंतीला टेकवलेली होती. तीनच्या सुमारास त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी टाइम ऑफिसात हजेरीची कार्डं बघत होतो. मला बोलवायला कारणसाहेब आले.

"गणपतराव, दत्तूला दवाखान्यात नेलंय," ते म्हणाले. "जिवाला धोका नाही, कारण रक्त थांबलंय."

अशा वेळीसुद्धा त्यांना 'कारण' सुटलं नाही. आमच्या पिंपरीच्या कारखान्यात ते प्रेस शॉपचे फोरमन होते. काहीही सांगितलं की त्याचं कारण सांगितल्याशिवाय ते पुढे जात नसत. 'चपला घालून येऊ नका, कारण पत्र्याची कड पाय कापते.' 'तेलाचे हात धुऊन जेवा, कारण हे तेल पोटात जाऊ नये.' पोरं त्यांची टिंगल करत. "साहेब, मुतारीला जाऊ का? कारण लागलीय." साहेब हसत नसत. "बरोबर आहे, जा," म्हणत. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

कारण कळलं की सवय सुटते, असा त्यांचा ठाम विश्वास होता, आणि तो त्यांनी स्वतःवर तपासून घेतलेला होता. वीस वर्षांची तंबाखू त्यांनी एका दुपारी सोडली. तिचे तोटे एका कागदावर लिहिले, दोनदा वाचले आणि चंची कचऱ्याच्या डब्यात टाकली. जानवंही तसंच. ते काढलं त्या दिवशी त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिलं, त्यात क्रमांक घालून सात कारणं दिली. त्या पत्राची कार्बन प्रत त्यांनी मला दाखवली होती. अक्षर सुरेख होतं. मी विचारलं, "वडील काय म्हणाले?" ते म्हणाले, "उत्तर आलं नाही. माझ्या एकाही मुद्द्याचं खंडन त्यांना करता आलं नाही." वडील पुढे सहा वर्षं जगले. बोलले मात्र नाहीत.

सुटी झाली की ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चिंचवडपर्यंत चालत यायचे. सायकलवर बसलं की बोलता येत नाही, हे त्याचं कारण. मला वाचायची आवड आहे हे कळल्यावर ते पुस्तकं आणून देऊ लागले. आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला. देव, नवस, उपास यांवर मोकळेपणाने बोलणारा माणूस मला त्यांच्याआधी भेटला नव्हता. मी त्यांचं ऐकत आलो, ते बरोबर आहे असं मानत आलो. दत्तूच्या प्रेसवरून मात्र रोज जात असूनही, जाळी भिंतीला टेकलेली बघून मी कधी तोंड उघडलं नाही. भाऊ चिडेल, म्हणून. एवढंच.

प्रेस म्हणजे वरून आदळणारा लोखंडी ठोकळा. पायाने पॅडल दाबलं की तो खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. समोर तारेची जाळी असली की हात आत जात नाही, पत्रा चिमट्याने सरकवावा लागतो. त्याला वेळ लागतो. हाताने झटपट होतं. म्हणून पोरं पान्याने जाळी काढत आणि साहेब येताना दिसले की परत अडकवत. भीती त्यांना नव्हती. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, नारळ फुटला, की वर्षभर मशीन हात राखते, असं ते धरून चालत. सकाळी मशीनला हात लावून कपाळाला लावला की भागलं. लक्ष्मण नावाचा जुना कामगार म्हणायचा, "साहेब, जी आपल्याला पोसती, ती आपलं बोट खाईल व्हय?"

साहेबांनी त्यासाठी एक फळा आणवला. ठोकळा खाली यायला किती वेळ लागतो, हात बाहेर काढायला किती लागतो, हे आकृती काढून ते दाखवत. सगळे माना डोलवत.

"पटलं का?"

"पटलं, साहेब."

साहेबांची पाठ वळली की जाळी परत भिंतीला. हे एकदा नाही, वर्षानुवर्षं चाललं. वरचे म्हणत, दोघांना घरी बसवा, आपोआप सुधारतील. साहेब नकार देत. "भीतीने लावलेली जाळी माझ्यामागे निघणारच. मला ती पटून लावलेली हवी. ही शहाणी माणसं आहेत, गुरं नाहीत."

कोयनेच्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी, खंडेनवमीला त्यांनी नारळ फोडायला नकार दिला. तोवर दरवर्षी फोरमन म्हणून तेच फोडत. "मी फोडला की तुम्हाला वाटतं बोटं वाचली, आणि तुम्ही जाळी काढता. म्हणून फोडणार नाही." त्यांच्या दृष्टीने मुद्दा अगदी सरळ होता. लक्ष्मणने नारळ फोडला, पण शॉपमध्ये दिवसभर कुणी मोठ्याने बोललं नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी दत्तूचा हात गेला.

दवाखान्यात आई दत्तूच्या उशाशी बसली होती. साहेब आले, तिच्यासमोर उभे राहिले आणि समजावू लागले. "आई, नारळाचा याच्याशी संबंध नाही. जाळी असती तर हात आत गेलाच नसता. कारण—"

आईने मान वर केली. "सायेब, माज्या लेकाचा हात पांढऱ्या कापडात हाय आन् तुमी मला शिकवताय?"

ते वळून निघाले. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, "पण मी चूक काही बोललो नाही, गणपतराव." नव्हतेच बोलले. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा पुन्हा फक्त एकदाच आला.

पुढच्या खंडेनवमीला घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं तेव्हा आई आली. दत्तूच्या प्रेससमोर गेली. मशीनला तिने हळदकुंकू लावलं नाही. भिंतीला टेकलेली जाळी लक्ष्मणकडून जागेवर बसवून घेतली, तिला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि पोरांकडे वळून म्हणाली, "हिला आता कुनी हात लावायचा न्हाई. माज्या दत्तूची आन हाय."

दोन मिनिटांचं काम. त्यानंतर ती जाळी निघाली नाही. हार वाळला, गळून पडला, कुंकू तेलाने पुसलं, तरी निघाली नाही. शेजारच्या प्रेसवाल्यांनीही आपापल्या जाळीला कुंकू लावून घेतलं. आई दरवर्षी येत राहिली. साहेब त्या वेळी फळ्याजवळ उभे राहत. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. ते म्हणाले, "हात वाचले हे चांगलंच. पण त्यांना अजून काहीच पटलेलं नाही. उद्या ही बाई नसेल तेव्हा?"

आई सहा वर्षांनी गेली. तेराव्यानंतर मी कामावर आलो, तर जाळी भिंतीला टेकलेली. मी या वेळी विचारलं. एक पोरगं म्हणालं, "आता आज्जीच न्हाईत, भाऊ. आन कुनाची पाळायची?"

त्या खंडेनवमीला साहेबांनी जे केलं ते बघवत नव्हतं. ते स्वतः हार घेऊन आले. जाळीला कुंकू लावलं, हार घातला, हातही जोडले. हात कसे जोडायचे हे विसरलेल्या माणसासारखे. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. लक्ष्मण मला हळूच म्हणाला, "सायबाचा हार हाय त्यो. त्यात काय हाय?" आठवड्याभरात जाळी निघाली. सत्य सांगून पाहिलं ते चाललं नाही, खोटं करून पाहिलं तेही चाललं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी टूलरूममधून लोखंडी पट्ट्या आल्या. साहेबांनी प्रत्येक जाळी पॅडलला जोडून टाकली. जाळी पूर्ण खाली बसल्याशिवाय पॅडल दबेना. पोरं पाने घेऊन दोन दिवस झटली, शिव्या दिल्या, मग चिमटे उचलले. कुणाला काही पटवावं लागलं नाही. संध्याकाळी चालताना मी म्हटलं, "साहेब, हे छान सुचलं."

ते थांबले. सायकल स्टँडवर लावली. "सुचलं आत्ता नाही. आकृती जुनी आहे. ड्रॉवरमध्ये होती."

"किती जुनी?"

"दत्तूच्या आधीची."

कारण त्यांनी आपणहून सांगितलं. ते म्हणाले, "माणसाला पटत नाही म्हणून मशीनला बांधायचं, हा मला माणसाचा अपमान वाटत होता. मला वाटलं, अजून एकदा समजावून सांगू."

मी त्यांना तिथेच सोडून घरी आलो. दत्तू ओट्यावर बसून डाव्या हाताने पेपरची पानं उलटत होता. मी त्याला हे कधीच सांगितलं नाही. साहेबांबरोबर चालणं मी सोडलं. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं. निवृत्त होताना त्यांनी मला पुस्तकांचं एक खोकं पाठवलं. मी आभाराची चिठ्ठी लिहायला घेतली आणि ती राहून गेली.

ते गेल्याचं मला चार महिन्यांपूर्वी कळलं, तेही आठवडा उलटल्यावर. त्यांच्याशी वाद घालायचे मुद्दे मी अजून मनात जुळवत असतो. ते माणसांना इतकं मोठं का समजत होते, हे मला कळत नाही, आणि त्यांनी आम्हाला लहान समजायला हवं होतं असंही म्हणवत नाही.

प्रेस शॉप चालू आहे. पट्ट्या बसवल्यापासून तिथे कुणाचा हात गेलेला नाही. आता प्रेसवर बसणाऱ्या पोरांनी साहेबांना पाहिलेलं नाही, माझ्या आईलाही नाही. जाळी पॅडलला का जोडली आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही आणि त्यांच्यापैकी कुणी विचारलेलंही नाही.