मिठागरातल्या जिवाचं बारसं

मिठात जगणाऱ्या जिवाणूंची जात-कुळी ठरवणं हे माझं काम. लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी ‘कॉलेजात असते’ एवढंच सांगते, कारण पुढचं सांगायला लागलं की समोरच्याचं लक्ष बुफेकडे जातं.

माझा जिवाणू मुलुंडच्या मिठागरातला. भर उन्हाळ्यात, हायवेच्या पलीकडे, मीठ धरायच्या बेतात असलेल्या एका वाफ्यातलं पाणी गुलाबी झालं होतं. त्यातलं बाटलीभर मी घाटकोपरच्या आमच्या लॅबमध्ये आणलं. समुद्रापेक्षा कितीतरी खारट असा जिवाणूंचा खाऊ ओतलेल्या काचेच्या बशीत एक थेंब पसरला, बशी सुकू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि वाट बघत बसले. साधे जिवाणू एका रात्रीत वाढतात, याने आठवडेच्या आठवडे लावले. मग टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके आले. त्याची जनुकं वाचली तेव्हा कळलं, जगात नोंदलेल्या कुणाशीच याचं जवळचं नातं नाही. मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, कधी कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने चहा केला.

नव्या जिवाणूला नाव द्यायचं तर नियम एकच, पण कडक: तो जिवंत हवा. जिवंत जिवाणू जपून ठेवणाऱ्या, दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांकडे तो पाठवायचा, त्यांनी तो वाढवून बघायचा, तुम्ही म्हणता तोच आहे असं कळवायचं, तेव्हा कुठे नाव पक्कं. लॅबमध्ये सगळे मला चिडवायचे, बारसं कधी, घुगऱ्या कधी. नाव मी मुलुंडवरूनच ठरवलं होतं. आई म्हणाली, मुलुंड हे काय नाव झालं, लेकराला कुणी ए बोरीवली अशी हाक मारतं का?

आईला बारशावरून थट्टा सुचते याचंच मला नवल वाटलं. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. बाराव्या दिवसाआधीच गेला. बारसं झालं नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून आमच्या घरात त्याच्याबद्दल बोलायची सोयच नाही. अगदी वेळ आलीच तर आई ‘तो’ म्हणते.

जिवाणू परदेशी पाठवायच्या परवानग्या काढताना नाकी नऊ आले. शेवटी पार्सल गेलं. उत्तर आलं ते अगदी सभ्य होतं. तुमचा जिवाणू उत्तम वाढतो आहे, पण तुम्ही वर्णन केलेला तो हा नव्हे. हा कुठल्याही मिठागरात सापडणारा नेहमीचा आहे.

मी आधी त्यांच्यावरच चिडले. त्यांनीच घोळ घातला असणार. मग आमचा जिवाणू गोठवून ठेवलेली फ्रीजरमधली एकेक बाटली बाहेर काढून तपासली. सगळीकडे तोच नेहमीचा. तोही लाल, तोही मिठावर जगणारा, नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. पहिल्या ठिपक्यातच तो चिमूटभर लपून आला असणार. आमचा सावकाश वाढणारा, हा भरभर. दर वेळी जुन्या बशीतून नव्या बशीत घेताना हा थोडा जास्त झाला, आमचा थोडा कमी झाला, आणि कधीतरी संपला. त्यानंतरही मी रोज सकाळी बशी उजेडात धरून बघत होते आणि किती छान वाढलाय म्हणून खूश होत होते. हे आठवलं की मला आजही माझीच शिसारी येते.

मॅडमना घेऊन पुन्हा मिठागरावर गेले. आमच्या वाफ्याच्या जागी राडारोडा टाकून वर माती सपाट केली होती, भोवती पत्रे ठोकले होते. डंपरवाल्याने हॉर्न वाजवून आम्हाला बाजूला केलं. मॅडम म्हणाल्या, भांडुपकडे अजून वाफे आहेत, तिथून आणू. आणलं. वाढला तो नेहमीचाच. नंतर मॅडमनी तो विषय काढला नाही, आणि मलाही सकाळी उठून लॅबमध्ये जावंसं वाटेनासं झालं.

बरेच दिवस आईला सांगितलं नव्हतं. एका रविवारी ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा सांगून टाकलं.

“गेला कधी?” तिने विचारलं.

“तेच तर माहीत नाही. आम्ही दुसऱ्यालाच भरवत होतो.”

ती पानं खुडत राहिली. मला वाटलं, तिचं लक्ष नाही.

“मी त्याचं नाव ठरवलं होतं,” ती म्हणाली.

कुणाचं, ते मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. इतक्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती, बाबांजवळही बोलली असेल असं वाटत नाही.

“काय ठरवलं होतंस, आई?”

“बारसं झालं नाही ना गं. मग कसं सांगू?”

आणि देठं गोळा करून ती आत गेली.

संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला आणि या जिवाणूवरच्या माझ्या शोधनिबंधातलं मुलुंडचं नाव पुसून टाकलं. आता तिथे आमच्या फ्रीजरमधल्या बाटलीचा नंबर तेवढा आहे, आणि त्या बाटलीत दुसराच कुणी राहतो.