नऊ ते दहाचा तास

गेली एकतीस वर्षं मी कोर्टाबाहेरच्या शेडमध्ये दुसऱ्यांचा संताप टाइप करतोय. भावाचा भावावर, बायकोचा नवऱ्यावर, भाडेकरूचा घरमालकावर. माणूस समोर बसून थरथरत असतो आणि मी शांतपणे त्याच्या बोलण्याचे परिच्छेद पाडत असतो. आपण चिडायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. आज तो मोडतोय. आजचा संताप माझा स्वतःचा आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसते. मुलगी म्हणजे चौतीस वर्षांची बाई, पण ती मला काका म्हणते, तेव्हा माझ्या लेखी मुलगीच. शेडमधले सगळे तिला जजबाई म्हणतात. ती कायदा शिकायला लागली म्हणून हे नाव पडलं, असं बाहेरच्यांना वाटतं. नाही. ते त्याच्या बऱ्याच आधी पडलं होतं, तिच्या एका खोडीमुळे.

प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या शेवटी एक ओळ असते: वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे. आम्ही सगळे ती ओळ तयार ठेवतो, शेवटी चिकटवतो आणि 'इथे सही करा' म्हणतो. ही बया ती ओळ माणसाला मोठ्याने वाचून दाखवते, मग कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवते आणि विचारते, "खरं आहे ना?" एकदा एका म्हाताऱ्याने लिहवून घेतलं होतं की मी एकटाच राहतो, मला बघणारं कोणी नाही. तिने विचारलं. म्हातारा खाली बघायला लागला. मग म्हणाला, "मुलगा राहतो तसा घरात. बोलत नाही माझ्याशी." तिने अख्खं पान नव्याने टाइप केलं. मागे रांग खोळंबली, लोक करवादले. मीही करवादलो.

तीन वर्षांपूर्वी तिने सकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातलं. कॉलेज कोर्टाच्या मागच्याच गल्लीत. साडेचारला उठायचं, आईचा आणि आपला डबा करायचा, दोन बस बदलायच्या, सात ते दहा वर्ग, साडेदहापासून सहापर्यंत शेड, मग पुन्हा दोन बस. घर म्हणजे इस्त्रीच्या दुकानावरची एक खोली, जिची भिंत बारा महिने गरम असते. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे खाली उतरायचं म्हटलं तरी लेक घरी येईपर्यंत वाट बघायची. या शहरात नऊ वर्षं राहून पोरीने शहर पाहिलं ते बसच्या खिडकीतून, तेही बसायला जागा मिळाली तर.

गेल्या वर्षी तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला आणि सहा आठवडे हाताला पूर्ण विश्रांती सांगितली. तिने पट्टा घेतला, आठवडे परत केले.

त्याच महिन्यात कॉलेजात एक व्याख्यान झालं. अभ्यास, करिअर आणि आरोग्य यांचा तोल कसा साधायचा. हजेरी सक्तीची. कुठल्याशा मोठ्या फर्मचा वकील आला होता. आठ तास झोपा म्हणाला, बागेत फिरायला जा म्हणाला, आणि मुख्य म्हणजे नाही म्हणायला शिका म्हणाला. हे सगळं तिने मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, "मग म्हण की. कोणाला म्हणतेस?"

ती हसली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. आमच्या कोर्टातल्या वकीलसाहेबांचा होता.

या वकीलसाहेबांचं कोर्टात बस्तान मोठं. शेडमधलं निम्मं काम त्यांच्या चेंबरमधून येतं, माझंसुद्धा. आणि आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, नऊ ते दहा, ते तिच्या कॉलेजात शिकवतात. विषय: वकिलाची नीतिमत्ता. हसू नका, खरंच तोच विषय आहे.

मंगळवार उजाडला की साहेबांना काहीतरी तातडीचं निघायचं. पावणेनऊला ते तिला फोन करायचे, "आहेस ना कॉलेजात? पटकन टेबलावर ये, दोन प्रतिज्ञापत्रं आहेत, अकराच्या आत दाखल व्हायला हवीत." ती वर्गातून उठून यायची. साहेब माझ्या बाकावर एक पाय ठेवून उभे राहायचे आणि मजकूर सांगायचे. पहिल्या वेळी ती म्हणाली, "सर, आत्ता तुमचाच तास आहे."

"माझाच तास, मग तुला कसली काळजी? हजेरीचं माझ्यावर सोड."

दुसऱ्यांदा तिने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "परीक्षा झाली की माझ्या चेंबरमध्ये खुर्ची आहे तुझ्यासाठी. तुझ्यासारखी नेटकी माणसं मिळत नाहीत." खुर्चीचं नाव ऐकून तिचा चेहरा असा काही उजळला, की मीच चष्मा पुसायला घेतला. शेडमधून चेंबरपर्यंतचं अंतर चाळीस पावलांचं आहे. एकतीस वर्षांत मला ते जमलं नाही.

असे चौदा दिवस झाले. चौदा तास.

परीक्षेच्या महिनाभर आधी कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली. हजेरी कमी असलेले, परीक्षेला बसता येणार नाही. एकशेवीस तासांपैकी नव्वद लागतात. तिचे चौऱ्याऐंशी. साहेबांच्या त्या चौदाही तासांना ती गैरहजर. तास मात्र कागदावर सगळे झालेले, खाली साहेबांची सही. यादीच्या शेजारी तोल साधण्याच्या व्याख्यानाचं पोस्टर अजून तसंच होतं, बागेत धावणारी मुलगी आणि सूर्य.

ती साहेबांकडे गेली. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अरेरे, डोक्यातूनच गेलं बघ. काही हरकत नाही. आजारपणाचं सर्टिफिकेट आण, मी कमिटीवर आहे, माफी देऊन टाकतो." वर हेही म्हणाले, की बाकीचं काही लिहीत बसू नकोस.

मीही तेच म्हटलं. खोटं कशाला सांगू? मी म्हटलं, "तुझा हात खरंच गेलाय. डॉक्टर डोळे मिटून लिहून देतील. सही कर आणि मोकळी हो."

"आजार खरा आहे, काका. तारखा खोट्या आहेत. त्या तारखांना मी आजारी नव्हते, मी इथे होते. तुमच्या डोळ्यांसमोर."

मला इतका राग आला! साहेबांचा नाही, तिचा. आईला त्या गरम खोलीत ठेवून तीन वर्षं रक्त आटवलंस आणि एका तारखेपायी सगळं घालवतेस? मी तिला जे जे बोललो ते इथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं आणि टाइप करायला बसली.

तिचा अर्ज दीड पानाचा होता. अमुक तारखांना मी वर्गात नव्हते. त्या तारखांना नऊ ते दहा या वेळेत माननीय प्राध्यापक माझ्या टेबलापाशी मजकूर सांगत होते. सबब तो तास झालेला नाही, आणि न झालेल्या तासाला कोणी गैरहजर असू शकत नाही. पुरावा म्हणून तिने शेडच्या टोकाला बसणाऱ्या नोटरीबाईंच्या नोंदवहीचे उतारे जोडले. प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला मी ओळखतो, अशी वकिलाला तिथे हजर राहून सही करावी लागते. चौदा तारखा, चौदा सह्या, आणि प्रत्येक सहीपुढे नोटरीबाईंनी घातलेली वेळ. नऊ वीस. नऊ पस्तीस. नऊ दहा.

मग तिने आणखी एक पान काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. साक्षीदार म्हणून माझं प्रतिज्ञापत्र. तिने शेवटची ओळ मोठ्याने वाचली, हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "काका, खरं आहे ना?"

माझं निम्मं काम त्या माणसाकडून येतं हे मी वर सांगितलंच आहे. मी पाणी प्यायलो. शेवटी "खरं आहे" म्हणालो आणि सही केली.

कमिटीपुढे मीही गेलो. प्राचार्यांनी आधी तिला पाच मिनिटं सुनावलं. नोकरी आणि शिक्षण यांचा तोल सांभाळता यायला हवा, हे वकिली पेशातलं पहिलं कौशल्य वगैरे. साहेब खिडकीबाहेर बघत बसले होते. तिने फक्त उतारे पुढे सरकवले. प्राचार्यांनी एकेक सही पाहिली, मग साहेबांकडे पाहिलं. आठ दिवसांनी निकाल आला: चौदा तास रद्द. एकशेसहापैकी चौऱ्याऐंशी, लागतात ऐंशी. ती परीक्षेला बसू शकते. चेंबरमधून आम्हा दोघांकडे येणारं काम त्या दिवसापासून बंद झालं. मला वाटलं, होऊ दे. त्या दिवशी मी फार खुशीत घरी गेलो, बायकोला सगळी गोष्ट दोनदा सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या वर्गाचा प्रतिनिधी तणतणत शेडमध्ये आला, मागे आणखी सहाजण. हा मुलगा एका फर्ममध्ये उमेदवारी करत होता, त्यापायी त्याचेही बरेच तास बुडालेले. त्याची हजेरी होती ब्याण्णव. चौदा तास रद्द झाल्यावर उरली अठ्ठ्याहत्तर. दोन कमी. सातहीजणांची तीच गत.

"तुझं काम झालं ना? आम्हाला कशाला बुडवलंस?" तो ओरडला. "खोटी हजेरी लावणारे ठरलो आम्ही."

"मग खरं काय होतं?" तिने विचारलं.

"आम्ही यायचो! नऊला येऊन बसायचो, साडेनऊपर्यंत सरांची वाट बघायचो. सर म्हणायचे, आलेल्यांची नावं तूच भर, महिन्याअखेरी मी सही करतो. मी तेवढंच केलं."

ती म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं." मग समोरची खुर्ची दाखवून म्हणाली, "बस. अर्ज करू."

मी तिला बाजूला घेतलं. "पोरी, यांचा अर्ज मान्य झाला तर ते तास परत धरतील. तू बाहेर पडशील. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग यांना दुसऱ्या कोणाकडे पाठव."

"दुसरा कोणी आजारपण लिहील, काका."

हे मला उद्देशून होतं की नाही, मी विचारलं नाही. तिने मनगटाचा पट्टा आवळला आणि सातजणांचे सात अर्ज टाइप केले. आम्ही हजर होतो, शिक्षक नव्हते. प्रत्येकाला शेवटची ओळ वाचून दाखवली, प्रत्येकाला विचारलं. सातवा अर्ज होईपर्यंत तिच्या बोटांना की कुठे आहे तेही कळत नव्हतं, बघून बघून दाबत होती.

कॉलेजचं उत्तर तीन ओळींचं आलं. विद्यार्थी वर्गात उपस्थित होते, सबब तो वेळ प्राध्यापकांनी दिलेला स्वयंअध्ययनाचा तास समजण्यात येत आहे. स्वयंअध्ययन! एकतीस वर्षांत मी वकिलांचे नाना शब्द टाइप केलेत, इतका निर्लज्ज शब्द पाहिला नाही. चौदा तास परत आले. सातजण परीक्षेला बसले. तिचे पुन्हा एकशेवीसपैकी चौऱ्याऐंशी.

तिने विद्यापीठाकडे अपील केलं. अपिलाला तारीख मिळाली परीक्षेनंतरची, आणि त्या तारखेला पुढची तारीख मिळाली. आईला तिने एवढंच सांगितलं, की एक वर्ष लांबलं. आई म्हणाली, "बरं झालं, हाताला जरा आराम." हाताला कसला आराम? ती त्याच दिवशी टेबलावर होती. आणि साहेबांना काय झालं? काही नाही. यंदाचं तोल साधण्याचं व्याख्यान त्यांनीच दिलं. तिची एक वर्षाची उमेद त्यांनी माझ्या बाकावर पाय ठेवून गिळली आणि ढेकरही दिला नाही. मी आजही त्यांना दारातून जाताना पाहिलं की माझी बोटं भलत्याच की दाबतात.

यंदा ती पुन्हा त्याच वर्गात आहे. पहिल्या मंगळवारी काय झालं ते मला तिथल्याच एका मुलीने सांगितलं, जजबाई स्वतः असलं काही सांगत नाही. पावणेनऊला तिचा फोन वाजला नाही. नऊला साहेब वर्गात आले, समोरच्याच बाकावर ती. हजेरीचा कागद तिच्यापासून फिरायला लागणार होता. तिने पट्टी घेऊन कागदाच्या अगदी वर एक ओळ आखली, तिच्यावर साहेबांचं नाव लिहिलं, पुढे वेळ घातली, नऊ वाजून दोन मिनिटं, आणि उठून कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

"सर, सही."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ती पट्टा बांधलेला हात खाली सोडून तशीच उभी राहिली. शेवटी त्यांनी पेन काढून सही केली. मग तिने त्याखाली आपली केली आणि कागद मागच्या बाकावर दिला.