त्या सिनेमाबद्दल माझं मत

माणसाचा मूळ स्वभाव बदलत नाही, हे माझं मत परिचयातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेच्या दोन स्नेहसंमेलनांत आणि एका निरोप समारंभात मी ते माइकवरून मांडलं आहे. बरीच पुस्तकं वाचलेली बाई असं म्हणते म्हटल्यावर लोक माना डोलावतात. हे मत मला पुस्तकांतून मिळालं असा त्यांचा समज आहे — आणि मी तो राहू दिला आहे. प्रत्यक्षात ते मी एका सकाळी, ओट्याशी उभी राहून, पोह्यांसाठी कांदा चिरता चिरता तयार केलं. का केलं, कुणासाठी केलं — हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातलं सोयीचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आई आणि मी विरार पूर्वेला फुलपाड्यात राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. माणिकपूरच्या एका खासगी शाळेत मी मराठी शिकवायचे. वय एकतीस. लग्न अजून झालेलं नव्हतं, आणि त्या वाक्यातला ‘अजून’ हा शब्द नातेवाइकांनी नुकताच वापरायचा सोडला होता.

खालच्या मजल्यावर दिलीप राहायचा. औषधांच्या कंपनीत विक्रीचं काम, मोटारसायकल, इस्त्रीचा शर्ट. आमच्या इमारतीतल्या, शेजारच्या इमारतीतल्या आणि बहुधा वाटेवरच्याही मुलींशी त्याचं काही ना काही चालू असायचं. कुणाला स्टेशनवर सोड, कुणासाठी गजरा आण, कुणाच्या हाताची रेषा बघ. दोनदा मुलींचे भाऊ त्याला शोधत आले. एकदा तो पाण्याच्या टाकीमागे लपला होता, ते मी स्वतः गॅलरीतून पाहिलं. मला मात्र तो पहिल्या दिवसापासून ताई म्हणायचा. मी त्याच्याहून तीन महिन्यांनी लहान होते.

मला त्याचा राग येतो, असं मी समजत होते. अशा माणसाच्या नजरेत न भरणं ही प्रतिष्ठेचीच गोष्ट आहे, असंही स्वतःला समजावत होते. पण मग त्याची मोटारसायकल वाजली की मी गॅलरीत का जायचे? कपडे वाळले का बघायला? दिवसातून किती वेळा वाळतात कपडे?

आता रंजनाबद्दल. ती माझ्याच शाळेत गणित शिकवायची. जूचंद्रची, घरची भातशेती. माझी मैत्रीण — खरी मैत्रीण, हे इथे सांगितलं नाही तर पुढचं सगळं सोपं होईल. शनिवारी शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे यायची, आईच्या हातचं जेवायची आणि वर्तमानपत्र हातात घेतलं की दुसऱ्या पानावर झोपायची. माझ्याच घरी येता-जाता जिन्यात तिची आणि दिलीपची गाठ पडली. आणि तो सुधारला. याला दुसरा शब्द नाही. मोटारसायकलची मागची सीट रिकामी राहू लागली. गजरे बंद झाले. जिन्यात मुली समोरून आल्या तर अंग चोरून भिंतीला लागायचा. असं वर्षभर. मग त्याने रीतसर आपल्या आईला जूचंद्रला पाठवलं. जात वेगळी होती. ती रंजनाच्या वडिलांनी कुरकुरत का होईना, गिळली. दिलीपची कीर्ती तेवढी गिळायची राहिली होती.

तो सुधारला आहे, याची माझ्याइतकी खात्री कुणालाच नव्हती. माझ्याइतकी नजर त्याच्यावर कुणी ठेवलेलीच नव्हती.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत सत्यनारायण असायचा आणि संध्याकाळी आवारात पडदा लावून सिनेमा. त्या वर्षी रंजना आणि तिची आई तीर्थप्रसादाला आमच्याकडे आल्या, सिनेमाला बसल्या आणि मुक्कामालाच राहिल्या. सिनेमा हसवणारा होता. एक देखणा तरुण बायकांच्या मागे फिरतो, दर गाण्याला बाई बदलते. मग त्याला एक शिक्षिका भेटते — चष्मेवाली, सदा पुस्तकात डोकं घातलेली — आणि तिच्यासाठी तो सुधारतो. सगळं आवार हसत होतं. मला हसू येईना. चष्मा, शाळा, पुस्तकं — सगळ्या अटी मी पूर्ण करत होते. आणि खराखुरा माणूस सुधारला होता तो माझ्या शेजारी सतरंजीवर बसून शेंगा सोलणाऱ्या बाईसाठी, जिने उभ्या आयुष्यात एक कादंबरी पुरी केली नव्हती. शेवटी नायिकेने चष्मा काढला आणि ती सुंदर निघाली. मी चष्मा काढला की मला जिना दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा टँकर आला. रंजनाची आईही एक कळशी घेऊन माझ्याबरोबर रांगेत उभी राहिली. “पानी इकत घेता तुमी?” एवढं तिने विचारलं, आणि आमच्याविषयी तिचं जे मत झालं ते स्वतःजवळ ठेवलं. मग तिने कालच्या सिनेमाचा विषय काढला. ती कोण, प्रसादाच्या निमित्ताने कुणाची चौकशी करायला आली आहे, हे रांगेत सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे दिलीपचं नाव कुणीही घेतलं नाही. सगळ्याजणी सिनेमाबद्दलच बोलल्या, पण कोर्टात साक्ष द्यावी तशा जपून.

“सुधारला कसला, दमला तो,” सावंतकाकू म्हणाल्या. “पण दमलेला नवरा बरा असतो हो. घरात सापडतो.”

“आपला टँकर यायला लागतो त्याच्याहून कमी वेळात सुधारला,” पहिल्या मजल्यावरच्या जोशीबाई.

“सुधारला ना पण? मग घड्याळ कशाला बघताय,” मागून आणखी एक जण म्हणाली.

तळमजल्यावर नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, “मला तर खरा वाटला. तिच्याशी बोलताना कसा घाबरतो बघितलंत ना? आधीच्या बायकांना कुठे घाबरत होता?”

रंजनासमोर दिलीपला नीट बोलता येत नाही, हे मीही केव्हाच पाहिलं होतं. मी ते गिळून ठेवलं होतं. या पोरीने ते रांगेत उभं राहून सहज सांगून टाकलं. रंजनाच्या आईचा चेहरा सैल झाला. भरलेली कळशी तिने कंबरेवर घेतली, ती अगदी हलकी असावी तशी.

घरी आल्यावर रंजना आंघोळीला गेली. आई देवपूजेला बसली होती. रंजनाची आई ओट्याशी येऊन माझ्याजवळ उभी राहिली.

“बाय, त्या बाया बोलल्या ता ठीक. तू शिकलेली, पोरीची मैतरीन. मना खरा सांग. असा मानूस सुधारतो का?”

मी म्हटलं, सिनेमात सुधारतात. माणसाचा मूळ स्वभाव बदलत नाही.

इथवर ते मत होतं. चुकीचं असेल, दुष्ट असेल — पण मत. इथे थांबता आलं असतं. का थांबले नाही? कारण तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे पुरेसं नाही. रांगेतल्या चार मतांवर हे पाचवं, एवढाच त्याचा भाव. मग मी कांद्यावरून नजर न उचलता म्हणाले, “मागच्याच आठवड्यात त्याने जिन्यात माझा हात धरला.”

त्याने माझा हात कधीही धरला नव्हता. मागच्या आठवड्यात नाही, त्याच्या आधी नाही, नंतरही नाही.

लाज वाटते ती पुढचं सांगताना. ते वाक्य तोंडातून गेलं आणि मला बरं वाटलं. त्याच्या इतक्या जणींत एकदा मीही आले — स्वतःच्याच खोट्या शब्दावर का होईना. आणि बरं वाटलं म्हणून मी आणखी बोलले. दिवे गेले होते, असं सांगितलं. डावा हात, असं सांगितलं. तिने विचारलंही नव्हतं. गोष्ट तपशिलांवर उभी राहते, हे मी वर्गात शिकवत होतेच. तिने माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे भरलेले होते. ते कांद्याने भरले होते, पण तेही मी तिला सांगितलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत रंजनाने मला शाळेच्या मागच्या नळाजवळ गाठलं. “आई म्हणते ते खरं?” एवढंच तिने विचारलं. मला दुसरी संधी मिळाली होती, ती क्वचित कुणाला मिळते. मी मान हलवली. होकारार्थी. मला वाटलं होतं ती चिडेल, माझ्यावर संशय घेईल. तिने माझी माफी मागितली. म्हणाली, “माझ्यामुळे तुला हे सोसावं लागलं. मी त्याला कारण सांगणार नाही. उगाच तुझं नाव खराब व्हायचं.” अशा रीतीने माझं खोटं माझ्याच अब्रूच्या आडोशाला सुरक्षित राहिलं.

पंधरवड्याने दिलीप आमच्याकडे आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीच्या कडेवर बसला. नकार आला, कारण कुणी सांगत नाही, म्हणाला. “ताई, माझं आधीचं सगळं खरंच आहे. ते मी नाकारत नाही. पण आता तसं नाही, हे लोकांनी कुणाला विचारायचं? असं कुणी माझ्यावर लक्ष ठेवून थोडंच बसलंय?” मग म्हणाला, “तुमचा शब्द त्या मानतात. एकदा जाऊन सांगाल का?”

मी म्हटलं, बघते.

या एका शब्दाचं काय करू? बाकीच्याला निदान मत्सर म्हणता येतं. त्या सकाळी तो अंगात आला होता, असं म्हणता येतं. ‘बघते’ म्हणाले तेव्हा मी शांत होते. समोरचा माणूस पार खचलेला मला दिसत होता, आणि तो इतका खचावा अशी ती कोण लागून गेली, असं माझ्या मनात चाललं होतं. त्याच्यासाठी चहा टाकला. तो गेला. जूचंद्रला जायला विरारहून तीन स्टेशनं आणि पुढे रिक्षा. मी गेले नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही. जिन्यात भेटला की, “बरंय ना, ताई?” म्हणायचा. पावसाळ्याआधी त्याने जागा भाड्याने दिली आणि पुण्याकडे बदली घेऊन तो आईसह निघून गेला, असं सावंतकाकूंकडून कळलं.

रंजनाचं लग्न त्याच वर्षी मार्गशीर्षात झालं, नात्यातल्याच एका मुलाशी. त्याच्याबद्दल वाईट बोलायला मला काही सापडलं नाही. जूचंद्रला दारातच मांडव होता. रंजनाच्या आईने मला हाताला धरून सगळ्या बायकांमधून फिरवलं आणि प्रत्येकीला सांगितलं, “हिनी वाचवली माझे पोरीला.” मग पहिल्या पंगतीत, वरमाईच्या शेजारी मला बसवलं. रंजनाने स्वतः येऊन वाढलं. माझ्याकडे बघून ती हसली; डोळे सुजलेले होते, पण नवरीचे असतातच.

मी जेवले. जेवण चांगलं होतं.